पिंपळखुटेबाईंचा भरवसा

पदव्युत्तर वर्गात कोणी नापास होत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. तिथवर पोचलेली मुलं मुळातच चाळून आलेली असतात. त्यामुळे बहुतेकांना ‘ए’, काहींना ‘बी प्लस’ आणि एखाद्याला ‘बी’ मिळतो. कागदावर ‘बी’ म्हणजे उत्तीर्ण. प्रत्यक्षात तो सभ्य भाषेतला निरोप असतो की बाळा, इथवर आलास ते ठीक, आता दुसरं काही बघ. डॉ. वासंती पिंपळखुटे यांनी वीसेक वर्षांच्या नोकरीत हा निरोप फार थोड्यांना दिला होता. दिला तेव्हा त्या मुलाला खोलीत बोलावून, चहा पाजून, तोंडावर सांगून दिला होता.

बाई भूजलशास्त्र शिकवत. परतवाड्याच्या अलीकडे एका उघड्या माळावर त्यांची सातपुडा भूविज्ञान संस्था उभी होती. मागे मेळघाटाचे डोंगर आणि पुढे उतरत उतरत पूर्णा नदीपर्यंत गेलेलं काळं रान. जमिनीखालचं पाणी शिकायला याहून बरी जागा शोधून सापडली नसती. बाई नवऱ्याच्या माघारी एकट्याच संस्थेच्या वसाहतीत राहत, आणि विद्यार्थी हेच आपलं घर असं त्या म्हणत नसल्या, तरी इतरांना ते दिसत होतं.

मग ‘पडताळा’ आला.

त्याची ओळख करून द्यायला पुण्याहून एक तरुण अभियंता आला होता. संस्थेच्या सभागृहात त्याने फळ्यावर एक ढग काढला. “हवामान खातं सांगतं, उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के,” तो म्हणाला. “उद्या पाऊस पडला नाही, तर खातं चुकलं का? एका दिवसावरून नाही सांगता येणार. पण त्यांनी सत्तर टक्के म्हटलेले शंभर दिवस काढा. त्यांतले सत्तरच्या आसपास दिवस पाऊस पडला असेल, तर त्या खात्याचा भरवसा धरायला हरकत नाही. चाळीसच दिवस पडला असेल, तर ते नुसतं बोलतं. आता मला सांगा, तुम्ही मुलाला ‘ए’ देता म्हणजे काय करता? हा पुढे काहीतरी करून दाखवील, असं भाकीतच करता ना? मग ते खरं ठरलं की नाही, हे आजवर कोणी तपासलं?”

कोणीच तपासलं नव्हतं. पडताळा, म्हणजे ही नवी संगणकप्रणाली, ते तपासणार होता. प्रत्येक श्रेणी दिली गेली की तो तिची नोंद घेई आणि पुढची सात वर्षं त्या विद्यार्थ्याच्या मागावर राही. शोधनिबंध, नेमणुका, पेटंटं, वरिष्ठांचे अहवाल, सगळं तो आपणहून गोळा करी. जुन्या श्रेण्यांवरही त्याने हेच केलं. त्यातून दर वर्षी प्रत्येक अध्यापकाचा एक आकडा निघे, शंभरपैकी. त्याला नाव होतं भरवसा. आणि मग खरी गंमत होती. मुलाची श्रेणी या भरवशाने तोलली जाई. भरवसा पन्नास असलेल्या माणसाचा ‘ए’ म्हणजे गल्लीतल्या लग्नाचा आहेर. भरवसा नव्वद असलेल्याचा ‘ए’ म्हणजे नोकरी हातात. तेच ‘बी’चं. पन्नासवाल्याचा ‘बी’ कोणी मनावर घेत नसे. नव्वदवाल्याचा ‘बी’ पुसता येत नसे. दोन वर्षांत देशातल्या बहुतेक संशोधन संस्था आणि कंपन्या मुलाखतीआधी हा तोललेला आकडा बघू लागल्या, आणि पुढे पुढे मुलाखत घेणंही कमी झालं.

बाईंचा पहिला आकडा आला एकोणसाठ.

साठच्या खाली असलेल्यांना नवे संशोधक विद्यार्थी मिळणार नव्हते, आणि असलेल्यांची शिष्यवृत्ती पुढे चालू राहील याची खात्री नव्हती. बाईंकडे तेव्हा निनाद उमाळे नावाचा मुलगा पीएच.डी. करत होता. वडील पोस्टात, हुशार, घरचं सगळं आपलं आपण उरकून येणारा. एकोणसाठचा आकडा कळला त्या संध्याकाळी तो दारात येऊन नुसता उभा राहिला.

“माझं काय होईल, मॅडम?”

“काही होत नाही. मी बघते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बघितलं. आपण कुठे चुकलो ते पडताळ्याने त्यांच्यापुढे नीट मांडून ठेवलं होतं. हर्षदा नावाच्या मुलीला त्यांनी ‘ए’ दिला होता. पाण्याच्या प्रवाहाची समीकरणं ती चुटकीसरशी सोडवायची. ती लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिचं संशोधन तिथेच संपलं. एक मुलगा, तोही ‘ए’, वडील अंथरुणाला खिळले म्हणून मोर्शीला जाऊन कृषी सेवा केंद्र सांभाळत होता. दुसरीकडे एका कारखानदाराचा कंटाळवाणा मुलगा, त्याला बाईंनी ‘बी’ दिला होता. तो परदेशातून पदवी घेऊन आता एका मोठ्या जलनियोजन प्रकल्पाचा प्रमुख होता. बाई हर्षदाच्या गणिताबद्दल बरोबर होत्या. हर्षदाच्या सासूबद्दल चुकल्या होत्या.

पडताळ्याने कोणालाही असं सांगितलं नव्हतं की मुलांच्या घरची चौकशी करा. तो फक्त बरोबर येणाऱ्याला वर नेत होता आणि चुकणाऱ्याला खाली. कशाने बरोबर येतं, हे ज्याने त्याने शोधायचं होतं. बाई शास्त्रज्ञ होत्या. त्यांना ते लवकर सापडलं.

त्या सत्रापासून त्यांच्या खोलीत चहा जास्त होऊ लागला. सत्राच्या शेवटी प्रत्येकाला त्या एकेकटं बोलवत, बिस्किटं पुढे करत आणि विचारत, “घरी कोण कोण असतं?” मुलांना ते फार आवडे. इतक्या मोठ्या संस्थेत आपल्या आईच्या गुडघ्यांची चौकशी कोण करतं?

*

अश्लेषा वानखडे दर्यापूरकडची होती, खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या त्या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी खारट लागतं. वर पावसाच्या गोड पाण्याचा पातळसा थर असतो आणि खाली जुनं खारं पाणी. मोटर लावून घाईने उपसा केला की खालचं खारं पाणी टेकाडासारखं वर चढतं आणि विहीर कायमची बिघडते. वर्गातल्या बाकीच्यांना हे आकृतीवरून समजावून द्यावं लागे. अश्लेषा ते पिऊन मोठी झाली होती.

ती वर्गात फारशी बोलत नसे. तोंडी परीक्षेत बाईंनी तिला गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेचं सूत्र विचारलं. तिने ते फळ्यावर लिहिलं, मांडून दाखवलं आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“हे सूत्र बरोबर आहे, मॅडम. पण यात सीमा म्हणजे रेघ धरली आहे. वर गोडं, खाली खारं, मध्ये एक रेघ.”

“मग?”

“आमच्याकडे रेघ नसते. पट्टा असते. दोन्ही पाणी मिसळलेला. आणि तो पट्टा गेल्या वर्षीच्या पावसावर हलते, यावर्षीच्या नाही. यावर्षी पाऊस चांगला झाला तरी मागचं वर्ष कोरडं गेलं असेल, तर दिवाळीनंतर पाणी कडू लागते. कोणी उपसा केला नसला तरी.” ती थांबली. “मला वाटते, काळ्या मातीतून गोडं पाणी खाली जायला तेवढा वेळ लागत असेल. मी थोडं गणित करून पाहिलं. पूर्ण नाही जमलं.”

तिने जे केलं होतं ते तिने दाखवलं. शेवटच्या दोन ओळी चुकल्या होत्या, पण वाट बरोबर होती. बाईंनी जगभरचं संशोधन वाचलं होतं आणि त्यांना कळत होतं की ही मुलगी जे बोलतेय ते या विषयात अजून कोणी नीट मांडलेलं नाही. आपल्या अंगावर काटा आल्याचंही त्यांच्या लक्षात आलं. असं फार वर्षांत झालं नव्हतं.

मग चहा झाला. घरी कोण कोण असतं? वडील होते, मूत्रपिंडाचा आजार, आठवड्यातून दोनदा अमरावतीला न्यावं लागतं. धाकटी बहीण. आई शिवणकाम करते. “उन्हाळ्यात माझं पाहणार आहेत,” अश्लेषा बिस्किट न घेता म्हणाली. “बाबांना त्यांच्या डोळ्यांदेखत करायचं आहे.”

“आणि पुढे शिकायचं?”

“हो, मॅडम. ते तर करायचंच आहे.”

तिने ते इतक्या सहज सांगितलं की बाईंना तिच्याकडे बघवेना.

श्रेण्या भरायच्या दुपारी बाईंनी अश्लेषाच्या नावापुढे ‘ए’ टाकला. मग बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या. ‘ए’ म्हणजे ही मुलगी सात वर्षांत काहीतरी करून दाखवील. आजारी बाप, उन्हाळ्यात लग्न, दर्यापूर. अशा किती मुली त्यांनी जाताना पाहिल्या होत्या. आणखी एक हर्षदा झाली की आकडा साठच्या खालीच राहणार, आणि मग निनादची शिष्यवृत्ती बंद. ती मुलगी तशीही जाणार आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. तिला ‘ए’ दिला काय आणि ‘बी’ दिला काय. फरक पडलाच तर निनादला पडेल.

त्यांनी ‘ए’ खोडून ‘बी’ केला.

तिसऱ्या दिवशी अश्लेषा आली. डोळे सुजले होते, पण ती रडली नाही.

“मॅडम, माझं काय कमी पडलं, तेवढं सांगता का? म्हणजे पुढच्या वेळी...”

बाईंना वाटलं, हिने भांडावं. पण ती वही उघडून, पेन काढून बसली होती, उतरवून घ्यायला.

“गणिताची पकड,” बाई म्हणाल्या. “कल्पना चांगल्या असतात तुझ्या, अश्लेषा. पण संशोधनाला जी एक पकड लागते, ती अजून दिसत नाही. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो.”

अश्लेषाने ते उतरवून घेतलं. “बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलं,” ती म्हणाली, आणि निघताना वाकून पाया पडली.

*

पुढच्या वर्षी बाईंचा भरवसा बहात्तर झाला, नंतर त्र्याऐंशी, मग नव्वदच्या वर. निनादची पीएच.डी. झाली. त्याच संस्थेत त्याला तात्पुरती नेमणूक मिळाली, कारण बाईंनी त्याला दिलेल्या ‘ए’ला आता सोन्याचं मोल होतं. मुलं लांबून लांबून बाईंच्या वर्गाला नाव घालत. त्यांना शिकायचं असे असं नाही. त्यांना बाईंच्या हातची श्रेणी हवी असे. संचालक डॉ. कोरान्ने प्रत्येक समारंभात त्यांना पहिल्या रांगेत बसवत.

डॉ. सलीम मिर्झा खडकशास्त्र शिकवत. बाईंच्याच बरोबरीने नोकरीला लागलेला माणूस. ते पहिल्यापासून वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ‘ए’ देत. पडताळा आल्यावरही त्यांनी सवय सोडली नाही. त्यांचा भरवसा चाळिशीच्या खाली गेला, वर्गात तीन मुलं उरली, आणि मग विषयच बंद झाला. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते अचलपूरला घरी निघाले, तेव्हा बाई त्यांना निरोप द्यायला गेल्या. खोलीत दगडांच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या.

“मिर्झासर, थोडं जुळवून घेतलं असतंत तर,” बाई म्हणाल्या. “दोन-चार ‘बी’ दिले असते.”

“कोणाला?”

“ज्यांचं पुढे काही होणार नाही असं दिसतं, त्यांना.”

मिर्झासर पेटीला दोरी बांधत होते. गाठ मारून झाल्यावर ते खुर्चीत बसले. “वासंतीबाई, तो पोरगा पहिल्या दिवशी आला होता, आठवतं? त्याने पावसाचं सांगितलं. मी त्याला तेव्हाच विचारणार होतो, पण म्हटलं राहू दे, लहान आहे.”

“काय विचारणार होता?”

“पाऊस हवामान खात्याचं ऐकत नाही ना. खातं काही म्हणो, ढगाला त्याची खबर नसते. म्हणून त्याची पारख करता येते. आपली पोरं ऐकतात. त्यांना नोकरी देणारे ऐकतात. मुलीचा सासराही ऐकतो. तुम्ही म्हणता, हिचं काही होणार नाही. मग तिला कोणी काही देत नाही. मग तिचं काही होत नाही. आणि यंत्र म्हणतं, वा, बाई बरोबर होत्या.” ते हसले, पण त्यात गंमत नव्हती. “मी सगळ्यांना ‘ए’ दिला, तर तो कोणी मानलाच नाही. तुमचं सगळे मानतात. तेव्हा जरा जपून.”

बाईंना राग आला. हरलेल्या माणसाचं बोलणं, असं त्या घरी जाताना मनात म्हणाल्या. पण ते बोलणं त्यांच्या डोक्यातून निघालं नाही. त्या रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभं राहून सूत्र लिहिताना, ते तिथेच होतं. चूक काढायची म्हणून त्यांनी ते गणितासारखं उलटसुलट मांडून पाहिलं. चूक सापडली नाही.

तरीही सत्राच्या शेवटी चहा होतच राहिला. एकदा हात बसला की सुटत नाही, आणि आकडा पंच्याण्णववर होता.

*

सातवं वर्ष भरत आलं असताना संस्थेने एक अधिछात्रवृत्ती जाहीर केली. घरच्या अडचणींमुळे संशोधन सुटलेल्या बायकांना तीन वर्षं पगार आणि प्रयोगशाळा. निवड समितीत बाई होत्या. आलेल्या अर्जांमध्ये अश्लेषा वानखडेचा अर्ज होता.

नाव तेच ठेवलं होतं. लग्न होऊन अंजनगावला होती, नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, एक मुलगी. वडील लग्नानंतर वर्षभरात गेले होते. कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होती. प्रस्ताव होता खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचा: गोड्या-खाऱ्या पाण्याचा मिसळलेला पट्टा पावसामागून किती उशिराने हलतो, ते मोजायचं. गणित मात्र तिथेच थांबलं होतं, जिथे तोंडी परीक्षेत थांबलं होतं. त्या दोन चुकलेल्या ओळी तशाच होत्या. सात वर्षांत त्या पुढे सरकल्या नव्हत्या.

अर्ज वाचून खाली ठेवताना बाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं, त्याबद्दल त्यांना स्वतःला पुढे कधी क्षमा करता आली नाही. त्यांच्या मनात आलं, ही निवडली गेली तर माझा ‘बी’ चुकेल. पडताळ्याची सात वर्षांची मुदत महिन्यावर आली होती. अश्लेषाला ही अधिछात्रवृत्ती मिळाली की तिच्या खात्यावर एक मोठी नोंद चढणार, भाकीत खोटं ठरणार, आणि पंच्याण्णवचा आकडा खाली येणार. निनादची कायम नेमणूक त्याच महिन्यात ठरायची होती. अर्ज पहिल्या चाळणीत गळून जावा, असं त्यांना वाटलं. शिक्षिका असून आपल्या विद्यार्थिनीचं भलं होऊ नये असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तसं वाटत असतानाच ते त्यांना दिसलं.

अर्ज चाळणीत गळला नाही, कारण बाहेरच्या एका परीक्षकाने कल्पनेवर खूश होऊन तो वर ठेवला होता. मुलाखतीला अश्लेषा आली. अंगाने भरली होती, साडीवर संस्थेचं पाहुण्यांचं ओळखपत्र लावलेलं. तिने बाईंना नमस्कार केला. प्रश्नांना ती हळू आवाजात आणि प्रत्येक वाक्यापुढे “मला एवढं नाही कळत, पण” असं म्हणत उत्तरं देत होती. पूर्वी ती असं म्हणत नसे.

ती बाहेर गेल्यावर कोरान्नेंनी पडदा बघितला. “कल्पना बरी आहे. पण तोललेला आकडा फार खाली आहे. ‘बी’, आणि देणाऱ्याचा भरवसा...” ते थांबले आणि हसले. “पिंपळखुटे मॅडम, या तर तुमच्याच विद्यार्थिनी.”

“हो.”

“मग प्रश्नच नाही. पुढचा अर्ज?”

पुढचा अर्ज निघाला. त्यावर चर्चा झाली, त्याच्या पुढच्यावरही झाली. निनाद बाहेरच्या कचेरीत बसलेला होता, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी अचानक मध्येच म्हटलं, “वानखडेचा अर्ज परत घ्या. मला बोलायचं आहे.”

सगळ्यांनी वर पाहिलं.

“त्या मुलीला ही अधिछात्रवृत्ती मिळाली पाहिजे. तिच्याइतकी समज माझ्या वर्गात त्यानंतर कोणाकडे दिसली नाही.”

“मॅडम, तुमच्या शब्दाला मान आहे,” कोरान्ने म्हणाले. “पण शब्द आजचा आहे. श्रेणी तेव्हाची आहे, मोजलेली आहे, आणि तिच्यामागे पंच्याण्णव भरवसा आहे. खरं सांगायचं तर आमचा तुमच्यापेक्षा तुमच्या श्रेणीवर जास्त विश्वास.”

कोणीतरी हसलं.

“ती श्रेणी खोटी होती,” बाई म्हणाल्या.

“खोटी म्हणजे?”

“तिला ‘ए’ मिळायला हवा होता. मी ‘ए’ टाकला होता. मग खोडून ‘बी’ केला.”

“का?”

“तिचे वडील आजारी होते आणि तिचं लग्न ठरत होतं.”

कोरान्ने बाईंकडे जरा काळजीने बघत होते. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“म्हणजे त्या संशोधनात टिकणार नाहीत, असा तुमचा अंदाज होता.”

“होता.”

“आणि टिकल्या नाहीत.” त्यांनी हात पसरले. “मग मॅडम, यात खोटं काय आहे? तुम्ही बरोबरच होतात की.”

बाईंनी तिथेच दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला. पडताळ्यात तशी सोय होती. अध्यापकाने आपली श्रेणी चुकली असं सांगायचं आणि कारण द्यायचं. त्यांनी लिहिलं ते सगळं खरं लिहिलं. उत्तर लगेच आलं. विद्यार्थिनीच्या आजवरच्या वाटचालीशी श्रेणी जुळते. दुरुस्तीस आधार नाही.

अधिछात्रवृत्ती नागपूरच्या एका बाईला मिळाली. तीही लायक होती.

*

अश्लेषा आवारातल्या कडुनिंबाखाली बाकावर बसून बसची वाट बघत होती. निकाल तिला फोनवर कळला होता. बाई येताना दिसल्या तशी ती उठली.

“बस, बस,” बाई म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या.

“मला वाटलंच होतं, मॅडम. हे म्हणाले, टाकून तर पाहा. म्हणून टाकला.” ती जराशी हसली. “तुम्हाला उगीच अवघड झालं असेल आत.”

बाईंनी तिला सांगितलं. ‘ए’ टाकला होता ते, खोडला ते, का खोडला ते. निनादचंही सांगितलं. पकड, पिंड, ते सगळं त्या क्षणी सुचलं म्हणून बोलले, हेही. अश्लेषा ऐकत राहिली.

“म्हणजे माझं डोकं कमी नव्हतं,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हतं. अजिबात नव्हतं.”

“बाबा गेल्यावर यांनी मला म्हटलं होतं, परत जा, मी मुलीचं बघतो. मी म्हटलं, नको. मला ते जमण्यासारखं नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं आहे.” ती रस्त्याकडे बघत होती. “दोनदा म्हटलं त्यांनी. दोन्ही वेळा मी हेच सांगितलं. रात्री ते गणित काढून बसायची आधी आधी. मग म्हटलं, आपल्याला पकड नाही तर कशाला? पेटीत टाकून दिलं.”

“मला क्षमा कर.”

“तुम्ही हे कशाला सांगितलं, मॅडम?”

“तुला खरं कळावं म्हणून,” बाई म्हणाल्या.

“मी कमी होती म्हणून मागे राहिली, असं धरून चालत होती,” अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “त्यात एक बरं असते. कोणाचा राग येत नाही. घरच्यांचा नाही, तुमचा नाही. आता घरी जाऊन स्वयंपाक करताना मी काय धरून चालू?”

लांबून बस येताना दिसली. अश्लेषाने पदर खोचला, पिशवी उचलली. यावेळी ती वाकली नाही. बाईंच्या मनात आलं होतं की म्हणावं, ते गणित मला पाठव, आपण दोघी मिळून करू. त्या म्हणाल्याही. अश्लेषा पायरीवर पाय ठेवून क्षणभर थांबली.

“तुमचं नाव त्यावर असलं तर लोक मानतील,” ती म्हणाली. “माझं असलं तर तुमचाच ‘बी’ आडवा येईल. तर तुम्हीच करा, मॅडम.”

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत बाई तिथेच होत्या.

पुढच्या महिन्यात सात वर्षं पूर्ण झाली. बाईंचा भरवसा सत्त्याण्णव झाला, राज्यात सर्वांत जास्त. निनादची नेमणूक कायम झाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा बाईंनी दार उघडून ते घेतले आणि डोकं दुखतं म्हणून त्याला परत पाठवलं. त्याला कारण कळलं नाही, आणि त्याचा त्यात काही दोषही नव्हता.

नोकरीचा राजीनामा त्यांनी दोनदा लिहिला. दोन्ही वेळा कोरान्ने म्हणाले, मॅडम, तुम्ही गेलात तर तुमच्या हातच्या श्रेण्यांची चमक जाईल, मुलांचा विचार करा. तो मुद्दाही खोटा नव्हता.

दिवाळीनंतर कोरान्नेंनी राज्यभरातल्या नव्या अध्यापकांसाठी कार्यशाळा ठेवली. विषय होता श्रेणी कशी द्यावी. व्याख्यान बाईंचं. त्या व्यासपीठावर गेल्या, आणि आणलेला कागद त्यांनी उघडलाच नाही. त्यांनी सरळ म्हटलं, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा.

दुसऱ्या रांगेतली एक तरतरीत मुलगी उठली. नुकतीच नोकरीला लागलेली असावी. “मॅडम, सत्त्याण्णव भरवसा म्हणजे आम्हाला स्वप्नच आहे. विद्यार्थ्यामधलं नेमकं काय बघता तुम्ही?”

“विद्यार्थ्यामधलं काही बघत नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला खोलीत बोलावते. चहा देते. घरी कोण कोण असतं, कोण आजारी आहे, लग्न कधी आहे, पैसे कुठून येतात, ते विचारते. चहा दिला की मुलं सगळं सांगतात. मग ज्याचं पुढे तुटेल असं दिसतं, त्याला ‘बी’ देते. आणि मी ‘बी’ दिला की त्याचं तुटतंच. त्याला किती येतं, याचा काही संबंध नसतो. माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी मी अशीच घरी बसवली.”

एवढं बोलून त्या थांबल्या. कोणीतरी उठेल, ओरडेल, निदान खुर्ची मागे सरकवून बाहेर निघून जाईल, याची त्या वाट बघत होत्या.

कोणीच उठलं नाही. मग हळूहळू कळफलकांची टकटक सुरू झाली. मागच्या रांगेतून एका मुलाने हात वर केला.

“मॅडम, हा चहा परीक्षेच्या आधी द्यायचा की नंतर?”